तोरणमाळच्या घाटात उडालेलं चेन लॉक: एक पूर्ण प्रकरण

हे प्रकरण मोटरसायकलच्या चेन लॉकच्या क्लिपचं आहे. चेन लॉक म्हणजे कुलूप नाही, चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी: दोन पिनांचा तुकडा, त्यावर बाहेरून पट्टी, आणि पट्टी सरकू नये म्हणून क्लिप. नखाएवढी पत्ती, अख्खं लॉक दुकानात मागितलं तरी चहा-भज्याच्या पैशात येतं, आणि ती गेली की शंभर सीसीची धडधाकट गाडी घाटात जागच्या जागी उभी. रस्त्यावरच्या जुगाडाचे किस्से आपल्याकडे पोत्याने आहेत, कोणी टाकीच्या गळतीला कपड्याचा साबण घासला (तो टिकतो कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही), कोणी पंक्चर टायरात पाला कोंबून गाव गाठलं, पण किस्सा सांगणारा नेहमी "मी असं केलं न पोचलो" एवढ्यावर थांबतो. ते का टिकलं, किती वेळ टिकणार होतं, आणि त्याच जागी दुसरं काही लावलं असतं तर काय झालं असतं, हे कोणीच सांगत नाही. म्हणून हे सगळं क्रमवार लिहून ठेवतोय, जरा लांबेल.

गाडी आणि माणसं

गाडी स्प्लेंडर, 97.2 सीसी, पुढेमागे 130 मिमीचे ड्रम ब्रेक, चेनवर वरून-खालून पूर्ण बंद कव्हर. हे कव्हर लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे. मी ठिबकची कामं करतो, शहादा-तळोदा पट्ट्यात, ऊस, केळी, पपई, त्यामुळे गाडीला कायम एक पिशवी टांगलेली असते, त्यात पक्कड, दहा-बाराचा पाना, हॅकसॉचं पान, ग्रोमेट, जॉइनर, लॅटरलचे तुकडे असं सगळं. मागे मामा. सख्खे मामा, वय साठीच्या पुढे, खांद्यावर बागायती रुमाल, आणि जवानीत थ्रेशरवर ऑपरेटर होते, म्हणजे चेन, पट्टा, बेअरिंग या गोष्टींशी त्यांचं आयुष्यभराचं भांडण. गॅरेजवाले नाहीत ते, पण फिरणाऱ्या वस्तूच्या जवळ हात कधी न्यायचा न कधी नाही हे त्यांना चांगलं माहीत.

तोरणमाळला एका छोट्या प्लॉटचा फिल्टर बसवायचा होता. ज्यांना तो रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी, शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तुम्ही सातपुड्यात शिरता, आणि मग सात पायरीचा घाट. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, शहादा खाली तापीच्या खोऱ्यात, म्हणजे येताना जवळपास हजार मीटर खाली उतरायचं. दिवस होळीच्या आधीचे, भोंगऱ्या बाजारचे (सातपुड्यातल्या आदिवासींचा होळीआधीचा बाजार). ज्याने हा हप्ता बघितलाय त्याला कळेल की त्या दिवसात वरच्या पाड्यांवरून येणारी प्रत्येक जीप, प्रत्येक पिकअप माणसांनी खचाखच भरलेली असते, टपावर ढोल असतो न मागे लटकलेली पोरं असतात. त्यात मोटरसायकल टाकायला जागा मागणं म्हणजे थट्टाच. हा मुद्दा पुढे निर्णयात आला.

चढताना एक बारीक टक-टक येत होती, गिअर सोडून अॅक्सिलेटर कमी केला की जास्त. वर पोचल्यावर कव्हरच्या रबरी बुचाचं भोक उघडून बोट घातलं, चेन ढिली होती, दोन्ही बाजूच्या अॅडजस्टरने सारखी ओढून घेतली, आवाज कमी झाला. पण त्या भोकातून एका वेळी दोन-चार कड्या दिसतात, बाकीची चेन अंधारातच असते.

घटना

उतरताना एका वळणानंतर जरा सपाट पट्टा आला, दुसऱ्या गिअरात होतो, रेस दिली तर इंजिन एकदम मोकळं ओरडलं आणि गाडीला ओढच नाही. त्याच क्षणी डाव्या बाजूला कव्हरच्या आत खडखडाट, डब्यात खिळे हलवल्यासारखा. क्लच दाबला, ब्रेकवर गाडी थांबवली. मामा मागून, "काय व्हयनं रे?" म्हटलं मामा, चेन गेली.

स्पीड कमी होता हे नशीब. जोरात असताना चेन तुटून पुढच्या स्पॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फोडते, नाहीतर मागचं चाक जाम करते, आणि घाटात चाक जाम म्हणजे पुढचं सांगायला नको.

मी सवयीने गाडी कडेला ढकलायला लागलो तर मामांनी हँडलच धरलं. त्यांचं म्हणणं असं की चेनचं एक टोक सुटलंय पण ती अजून पुढच्या छोट्या स्पॉकेटवर पडलेली असेल, कव्हर बंद असल्याने तिला बाहेर पडायला जागा नाही, आता चाक फिरवलं तर मागचं स्पॉकेट तिला ओढून पुढून काढून टाकेल, आणि पुढून एकदा निसटली की गिअरचा दांडा काढा, केसिंगचं झाकण उघडा, ते वेगळंच काम. मग आम्ही दोघांनी मागचा भाग उचलून उचलून गाडी दोन हात कडेला घेतली, डबल स्टँडवर लावली, पुढच्या चाकाला दगड. हे पाच मिनिटांचं काम वाटतं तितकं साधं नाही, उतारावर डबल स्टँड लावताना गाडी पुढे पळते, म्हणून आधी दगड मग स्टँड.

काय काय करता आलं असतं

मोबाईलला तिथे रेंज नव्हती. ऊन उतरायला लागलेलं. माझ्या डोक्यात पहिला विचार हाच की उतारच आहे, चेन काढून पिशवीत टाकू, न्यूट्रलमध्ये राणीपूरपर्यंत सोडू. दिसायला सोपं. पण इंजिनचा ब्रेक, म्हणजे गिअरात असताना इंजिन गाडीला मागे धरतं तो, गेला की घाटातली सगळी गाडी, अधिक दोन माणसं, अधिक सामान, हे सगळं त्या दोन छोट्या ड्रमवर येतं, आणि ड्रम सतत दाबून ठेवला की तापतो, तापला की पकड कमी होते, आणि ती नेमकी शेवटच्या वळणावर कमी होते जिथे तुम्हाला ती हवी असते. मामा उतरून चालले असते तरी मला एकट्याला दर वळणाला थांबून ड्रम गार करत जावं लागलं असतं. आणि एवढं करून खाली सपाटीला पोचलं की तिथून पुढे गाडी परत मेलेलीच. दुरुस्ती टळत नव्हती, फक्त खाली ढकलली जात होती.

दुसरा पर्याय पिकअप, त्याचं वर सांगितलंच. दोन पिकअप गेल्या, एकीतून पोरांनी हात केला, आम्हीही केला. तिसरा, दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत नेणं. घाटात उतरताना हे कोणीही करू नका, पुढच्याने ब्रेक मारला की मागचा त्याच्यावर.

म्हणून कव्हर खोललं.

कव्हरच्या पोटात

उघडी चेन असती तर लॉकचे तुकडे रस्त्यावर कुठेतरी मागे उडाले असते आणि आम्ही दगडाधोंड्यात शोधत बसलो असतो. बंद कव्हरचा फायदा हा की जे पडतं ते आतच पडतं. खालचा अर्धा भाग सोडवला, त्यात ग्रीस, धूळ आणि ओलाव्याची काळी मळी साचलेली, मुरंब्यासारखी घट्ट. ती मामांनी अख्खी रुमालावर नाही, माझ्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर काढली (रुमालाला हात लावू दिला नाही) आणि बोटाने चाळली. सापडलं ते असं: लॉकची बाहेरची पट्टी, चांगली, वाकलेली नाही. क्लिप अर्धी, म्हणजे बंद टोक आणि एक पाय, दुसरा पाय मोडून गायब. आणि दोन पिनांचा मुख्य तुकडा चेनच्या एका टोकाला अजून लटकत होता.

म्हणजे हिशोब असा झाला की पिना आहेत, पट्टी आहे, फक्त क्लिप नाही.

आता या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तोवर रस्त्याने बाजारला जाणारी चार-पाच पोरं थांबली होती, प्रत्येकाकडे एक उपाय. एक म्हणे एमसील. एक म्हणे सगळं लॉकच काढून टाका, दोन खिळे घाला, टोकं ठोकून वाकवा, आमच्या काकाने केलं होतं. मामांनी मान हलवली, "खिया चालनार नही." आणि क्लिपच्या जागी तार चालेल असं तेच म्हणाले. पोरांना ते उलटं वाटलं, खिळा तारेपेक्षा जाड, मग खिळा का नाही?

कारण असं. गाडी ओढते तेव्हा सगळी ओढ एका कडीतून दुसऱ्या कडीत पिनेतून जाते. अशा गाडीच्या चेनची पिन साडेचार मिमीच्या आसपास जाड, पण ती कडक केलेल्या पोलादाची असते, आणि पहिल्या गिअरला चढावर तिच्यावर दोन-तीनशे किलोची ओढ सहज येते. साधा खिळा मऊ लोखंडाचा, बांधकामात वाकावा म्हणूनच तसा बनवलेला, तो दोन झटक्यात वाकणार, कडी तिरकी होणार, आणि मग चेन स्पॉकेटच्या दातावर चढून परत तुटणार, यावेळी कदाचित केसिंग घेऊन. पट्टीवरही अर्धी ओढ येते, म्हणून पट्टीच्या जागी पत्र्याचा तुकडा वगैरे चालत नाही. क्लिपवर मात्र ओढ जवळजवळ शून्य. तिचं काम एवढंच की पट्टी पिनांवरून बाहेर सरकू नये, दाराच्या कडीसारखं, दार पेलायला बिजागरी असते, कडी फक्त उघडू देत नाही. जो भाग ओढ खातो त्याच्या जागी काहीही घालायचं नाही, जो भाग फक्त जागेवर धरून ठेवतो त्याच्या जागी तार, दोरी, रबर, काय मिळेल ते थोडा वेळ चालतं. हा फरक न करता केलेला जुगाड म्हणजे सट्टा, लागला तर किस्सा, नाही लागला तर दवाखाना.

क्लच वायर तुटली, फूटरेस्टची पिन गेली, सायलेन्सरचा बोल्ट उडाला, कुठेही हाच प्रश्न आधी विचारा असं माझं मत झालंय. आणि ब्रेकच्या बाबतीत विचारूच नका, तिथे सगळंच ओढ खातं.

तार

पिनांच्या टोकाला क्लिप बसायची जी खाच असते ती साधारण एक मिमीची. माझ्या पिशवीत जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली) तार होती ती अठरा गेजची, म्हणजे 1.2 मिमी, खाचेत उतरेना, वरच राहिली, आणि वर राहिलेली तार म्हणजे निसटलेली तार. शिवाय जी.आय. ताठ असते, छोट्या वळणात घट्ट बसत नाही. थांबलेल्या पोरांपैकी एकाच्या पाड्यावर, रस्त्यावरून दिसत होतं तिथेच, घरकुलाचं काम चालू होतं, तो पळत जाऊन बाइंडिंग वायरची गुंडाळी घेऊन आला. सळया बांधायची काळी तार, वीस गेजची, म्हणजे 0.9 मिमी, भाजून मऊ केलेली. ही खाचेत बसली की जणू तिच्यासाठीच केली होती.

आधी चेन जोडणं. हे ज्यांनी हवेत धरून केलंय त्यांना माहिती की दोन टोकं जवळ येत नाहीत, हात काळे होतात, तोंडातून शब्द निघतात. सोपी रीत अशी की अॅडजस्टर ढिले करून चाक थोडं पुढे घ्यायचं, चेनची दोन्ही टोकं मागच्या मोठ्या स्पॉकेटवर शेजारच्या दातांत बसवायची, दातच ती धरून ठेवतात, मग दोन पिनांचा तुकडा आतल्या बाजूने बाहेर घालायचा आणि बाहेरून पट्टी. पट्टी पक्कडीने हळू दाबून खाच पूर्ण बाहेर दिसेपर्यंत आत घेतली. खाच अर्धी दिसत असेल तर तार लावूच नका, ती पट्टीच्या काठावर बसेल.

तार पहिल्या पिनेच्या खाचेतून घेतली, दोन पिनांच्या मध्ये आडवी करून दुसरीच्या खाचेतून, परत उलट, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, आणि असे दोन फेरे. मग टोकं पक्कडीने पिळली. पीळ कुठे ठेवायचा यावर मामा थांबले. चेन ज्या दिशेने पळते त्याच्या मागच्या बाजूला पीळ, म्हणजे काही घासलं तर टोक दबेल, पुढे ठेवलं तर घासणाऱ्या प्रत्येक गोष्टीने ते उचकटलं जाईल. टोक कापून दोन पिनांच्या मधल्या खोलगट जागेत दाबून टाकलं. मग न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने हळू फिरवलं, लॉक पुढच्या स्पॉकेटच्या झाकणाखालून जाताना कान लावून ऐकलं. पहिल्यांदा एक 'खर्र' आली, पीळ अजून थोडा दाबला, आवाज बंद.

कव्हर परत लावलं नाही. एक तर त्यालाच आतून घासल्याचे चट्टे दिसत होते, दुसरं म्हणजे तार डोळ्यासमोर राहायला हवी, थांबलं की वाकून बघता आलं पाहिजे. कव्हरचे दोन्ही भाग कॅरियरला बांधले. पण उघडी चेन म्हणजे मागे बसणाऱ्याचा कपडा हा नवा धोका, साडीचा पदर, ओढणी, रुमाल, चेनमध्ये गेला की माणूसच ओढला जातो. मामांनी बागायती रुमाल काढून शर्टाच्या आत कमरेला बांधला आणि डाव्या पायाच्या पँटीचा घोळ मोज्यात खोचला. मोजे आणि पँट, त्यात साठीचा माणूस, पोरं हसली, हसू द्या.

घाट उतरताना

गाडी चालवायची रीत एका वाक्यात सांगायची तर, इंजिनचा ब्रेक वापरायचा पण तो आहे असं धरून चालायचं नाही. दुसऱ्या गिअरात, झटका न देता, कारण अॅक्सिलेटर सोडला-धरला की चेन कधी वरून ताणते कधी खालून, आणि त्या फेकाफेकीत पट्टी बाजूला सरकायला बघते. स्पीड इतकाच की तार त्या क्षणी तुटली तरी निव्वळ ब्रेकवर गाडी वळणाच्या आत थांबेल. तीव्र वळणांवर मामा उतरून चालले, त्यांना विचारलं नाही, तेच उतरले.

पहिल्यांदा अगदी लगेच थांबून बघितलं, शंभर-दोनशे मीटरवरच, कारण चुकीचं बांधलेलं असतं ते लगेच कळतं. ठीक होतं. मग वळणं सोडून जिथे जागा मिळेल तिथे. एका ठिकाणी ड्रमला हात जवळ नेला तर धग लागली, बसलो, तंबाखू मळली गेली, गाडी आपोआप गार होऊ दिली. तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका, तापलेला धातू एकदम गार केला तर वाकडा होतो किंवा तडकतो. आजूबाजूला मोहाची फुलं वेचायचा सीझन, वास असा की मामांना थ्रेशरचे जुने दिवस आठवले, ते किस्से इथे लिहिण्यासारखे नाहीत.

राणीपूरच्या सपाटीला लागलो तेव्हा तार नीट बघितली. पीळ घट्ट होता. पण ज्या ठिकाणी तार पट्टीच्या काठावरून वळत होती तिथे काळा रंग जाऊन चकचकीत पांढरं झालेलं, म्हणजे तिथे झीज चालू. आणि पट्टी केसभर बाहेर आलेली, नखाने दाबली तर आत जात होती. आता सपाट रस्ता, म्हणजे स्पीड वाढणार, म्हणजे तारेचं आयुष्य अजून कमी. तार घाटापुरती होती, घाट संपला, आता पुढची सोय बघायची.

म्हसावदला गॅरेज बंद, पोरगा बाजारला गेलेला, शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं. त्यानेच सुचवलं की सायकलच्या दुकानातून सायकलचं लॉक घ्या, माप एकच असतं. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त घातक. सायकलच्या आणि या गाडीच्या चेनचं एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचं अंतर खरंच एकच, अर्धा इंच, 12.7 मिमी. पण सायकलच्या चेनची आतली रुंदी 3 मिमीच्या वर थोडी, मोटरसायकलच्या 428 नंबरच्या चेनची 8 मिमीच्या जवळ, पिनही सायकलची बारीक. ते लॉक रुंदीला पुरतच नाही.

पेरणी यंत्र

म्हसावद सोडल्यावर एक मळा आहे तिथे मी पूर्वी ठिबक टाकलं होतं, केळी आणि पपई. मालक खळ्यातच होते. आण्णांना सांगितलं असं असं झालं, ते म्हणाले गाडीचं लॉक माझ्याकडे कुठलं, चहा घ्या, रात्री इथेच झोपा, सकाळी बघू. मामा चहा घेता घेता शेडमध्ये गेले आणि ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राजवळ उकिडवे बसले. पेरणीला अजून अडीच-तीन महिने, यंत्र कोपऱ्यात, त्याला बियाणं टाकणारा दांडा फिरवायला एक चेन होती. मामांनी बोटाने मळ पुसला, कडीवर छापलेलं, 08बी.

ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगतो, शेतीच्या आणि कारखान्याच्या यंत्रांत सर्रास येणारी 08बी चेन आणि आपल्या कम्युटर गाड्यांची 428, या जवळजवळ सख्ख्या बहिणी. अंतर तेच 12.7 मिमी. रोलरची जाडी दोन्हीत 8.51 मिमी. पिनही जवळपास तेवढीच. आतल्या रुंदीत पाव मिमीच्या आतला फरक. मामांना हे आकडे माहीत नव्हते, मी नंतर शोधून काढले, त्यांनी थ्रेशरवर असताना हे कधीतरी करून बघितलेलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

आण्णा आधी कां-कूं करत होते, यंत्र नवं होतं. मग दिलं. लॉक काढलं, तारेचं आमचं लॉक सोडवलं, आणि यंत्राचा दोन पिनांचा तुकडा, पट्टी, क्लिप असं सगळंच्या सगळं त्याच सेटमधलं घातलं. एकाची पिन आणि दुसऱ्याची क्लिप असं मिसळायचं नाही, खाचेची जागा केसभर इकडेतिकडे असली की क्लिप उडते. बसवल्यावर ती कडी हाताने वरखाली वाकवून बघितली, जरा घट्ट होती पण अडकत नव्हती, दोन थेंब ऑइल सोडल्यावर मोकळी झाली. अडकली असती तर घातलीच नसती, अडकणारी कडी स्पॉकेटवर प्रत्येक फेऱ्यात उडी मारते.

मग क्लिपची दिशा. क्लिपचं एक टोक बंद आणि दुसरीकडे दोन पाय उघडे. बंद टोक नेहमी चेन ज्या दिशेने पळते तिकडे. गाडी पुढे जाताना चेनचा वरचा पदर मागून पुढे येतो, खालचा पुढून मागे जातो. म्हणजे लॉक वरच्या पदरात असताना बघाल तर बंद टोक हेडलाइटकडे, खालच्या पदरात असताना तेच बंद टोक टेललाइटकडे दिसणार. बरेच जण लॉक खाली असताना क्लिप लावतात, बंद टोक पुढे करतात आणि समाधानाने उठतात, आणि तिथेच ती उलटी बसलेली असते.

शहाद्यापर्यंत चाळीसच्या आत आलो, काही झालं नाही, यात सांगण्यासारखं काही नाही.

गॅरेजमध्ये काय निघालं

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मिस्तरींनी चेन काढून पुसून टेबलवर सरळ ताणली आणि टेप लावला. नवी चेन असेल तर वीस कड्या 254 मिमी भरतात, आमची 260 च्या आसपास. दोन टक्क्यांच्या वर वाढलेली, म्हणजे चेन संपलेली, ओढून घट्ट करत राहिलो असतो तरी तिने स्पॉकेटचे दात खाल्ले असते, खाल्लेही होते.

मग त्यांनी मोडकी क्लिप हातात घेतली. बंद टोक कोरं करकरीत. राहिलेल्या पायाचं उघडं टोक मात्र ठेचलेलं, हातोडीने हळू हळू ठोकावं तसं. कव्हरच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी पोचा आत आलेला, त्याच उंचीवर चट्टे. मिस्तरींचा निष्कर्ष साधा होता: याआधी जिथे कुठे चेनचं काम झालं तिथे क्लिप उलटी बसली, उघडे पाय पुढे, चेन वाढून ढिली झाल्यावर हेलकावे खायला लागली, कव्हर पोचलेलं, आणि प्रत्येक फेऱ्यात क्लिपचे पाय त्या पोच्यावर आपटत राहिले. आमची चढावरची टक-टक ती हीच. सरळ बसवलेली क्लिप तशीच घासली असती तर बंद टोक घसरून निघून गेलं असतं, जास्तीत जास्त झिजली असती, अशी एका दिवसात उडाली नसती.

चेन, दोन्ही स्पॉकेट असा पूर्ण सेट बदलला, कव्हरचा पोचा ठोकून काढला. नुसती चेन बदलायची नाही का असं विचारणारे असतात, झिजलेल्या दातावर नवी चेन घातली की ती जुन्या मापाला यायला वेळ लावत नाही. ढिलाई कम्युटर गाड्यांना खालच्या पदराच्या मधोमध बोटाने वरखाली करून साधारण दोन-तीन सेंटीमीटर, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि बघताना चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा कारण चेन सगळीकडे सारखी वाढत नाही.

एका गोष्टीवर मात्र गॅरेजमध्ये एकमत झालं नाही. सोडवलेली तार मामांनी कागदात गुंडाळून आणली होती. मामांचं म्हणणं, तारेवरच शहादा गाठता आलं असतं, दर पाच किलोमीटरला थांबून पक्कडीने पट्टी दाबायची न नवे फेरे मारायचे, तारेची अख्खी गुंडाळी होती की सोबत. मिस्तरींनी तार भिंगाखाली धरली, वळणाच्या जागी ती निम्म्यापेक्षा बारीक झालेली, आणि ते म्हणाले की सपाटीला चाळीसच्या स्पीडला एकदा तुटली असती तर पट्टी पडायला वेळ लागला नसता, आणि यावेळी कव्हरही नव्हतं तुकडे पकडायला. मला मिस्तरींचं पटतं. मामांना अजून पटलेलं नाही.

पेरणी यंत्राचं लॉक धुऊन, ऑइल लावून आण्णांना परत नेऊन दिलं, सोबत 08बीची दोन नवी लॉकं. त्यांनी तिन्ही ठेवून घेतली.

गाडीच्या टूलबॉक्समध्ये आता 428 चं एक अख्खं लॉक आणि वीस गेजच्या बाइंडिंग वायरचं छोटं भेंडोळं प्लॅस्टिकच्या पुडीत आहे, अठरा गेजची मुद्दाम ठेवलेली नाही.